सातवा फेटा

परतीचा पाऊस परतायचं नाव घेत नव्हता. मुखेडच्या अलीकडं चांदबारवचा फाटा लागतो. तिथल्या प्रवासी निवाऱ्यात देविका उभी होती. निवारा तिच्या तिन्ही बाजूंना होता, डोक्यावर नव्हता. पत्रे मागच्या वावटळीत गेले होते. ज्यांच्या निधीतून तो बांधला त्यांचं नाव मात्र भिंतीवर शाबूत होतं. रस्त्यापलीकडं सोयाबीनच्या गंजीला उभ्याउभ्या मोड फुटले होते, आणि गंजीचा मालक त्या मोडांकडं बघत गंजीइतकाच स्तब्ध बसला होता.

देविकाच्या छातीशी ओढणीत गुंडाळलेली चाळीस झेरॉक्स पानं होती. लातूरच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. म्हणजे शिकवायची पूर्णवेळ. तत्त्व फक्त पगाराला होतं. वय एकोणतीस. पीएच.डी. सहा वर्षं चालू.

तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. स्वार खताच्या पोत्याची खोळ पांघरलेला. मागं दोरीनं आवळलेली विहिरीची मोटार, तिच्यावर निळं प्लॅस्टिक.

"मॅडम, कागदं भिजून राहिली तुमची."

"कळतंय मला."

"कळून राहिलंय तर बरंय." तो उतरला, मोटारीवरचं प्लॅस्टिक सोडलं आणि तिच्यापुढं धरलं. "घ्या. गुंडाळा."

"अहो, पण मोटार भिजेल ना!"

त्यानं एकदा मोटारीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. पापणीवरून थेंब ओघळला, पण चेहरा हलला नाही.

"मॅडम... ती पाण्यातलीच हाय."

देविका हसली नाही. हसू दाबायला तिनं पानं गुंडाळायला घेतली — आणि पहिलंच पान उलटं लावलं.

त्याचं नाव अमरेश. गाव चांदबारव. विहिरीतल्या मोटारी वर काढायच्या, जळाल्या तर तांब्याची तार नव्यानं भरायची, परत खाली सोडायच्या, हा त्याचा धंदा. आणि देविकाला जायचं होतं ते नेमकं त्याच गावाला, त्याच्याच घरी. कारण चांदबारवचं आख्यान पूर्ण पाठ असलेली एकच बाई हयात होती, ती म्हणजे बसम्मा. अमरेशची आई.

हे आख्यान दोनशे वर्षांपूर्वीचं, कवी अज्ञात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नेमलेलं. देशमुखाची लेक चंद्राऊ. रूप असं की बारवेत वाकली की पाणी लाजायचं. मागणी घालायला सात जण आलेले. तिनं नाकातली नथ काढली, बारवेत टाकली आणि म्हणाली, ज्याची माया खरी तो आणील.

*नथ पडली पाण्यात, सात उभे काठापाशी*
*सहा हसती गालात, सिदू बोलेना कुणाशी*

सिदोजीनं उडी मारली. तो वर आला नाही. चंद्राऊ बारा वर्षं पायरीवर बसून राहिली, आणि तिथं पोथीचं शेवटचं पान फाटलेलं. 'चंद्राऊचा गर्व आणि सिदोजीचे शौर्य यांची चर्चा करा' हा प्रश्न दर वर्षी दहा गुणांना यायचा. देविकानं सहाशे मुलांना त्याचं उत्तर लिहून दिलं होतं. गर्व वाईट, शौर्य चांगलं. मुलं उत्तीर्ण झाली.

फाटलेल्या पानावर काय होतं, ते मिळालं तर तिचा प्रबंध पुरा होणार होता.

"आई सांगायची न्हाई," गाडी चालवता चालवता अमरेश म्हणाला. ती मागं, दोघांच्या मधे मोटार. "सात वर्सं झाली, तिनं गाणं सोडलं."

"का?"

गावाच्या वेशीवर मोठा फलक होता. त्यावर फेटा बांधलेल्या तरुणाचा फोटो, खाली अक्षरं: शूरवीर रामलिंग. नाक तेच, कपाळ तेच.

"माझा थोरला भाऊ," अमरेश म्हणाला आणि गिअर बदलला.

येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी चांदबारवला जत्रा भरते. बारवेच्या पायऱ्यांवर आख्यान गातात. नथ पडायच्या ओवीला एखादी लग्नाची मुलगी खरोखरीची पितळी नथ पाण्यात टाकते, आणि लाल फेटे बांधलेले सात गडी उड्या मारतात. सातही फेटे सात घरांचे मान. सातवा, सिदोजीचा, तो अमरेशच्या घराचा. सात वर्षांपूर्वी रामलिंगनं तो बांधला होता. त्या साली पाऊस कमी होता, बारवेत पाणी उथळ होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. डोकं पायरीवर आपटलं, तो तिथंच गेला. गावानं त्याला शूरवीर केलं, फलक लावला, आणि पुढच्या वर्षी तोच फेटा धुऊन अमरेशपुढं ठेवला.

अमरेश म्हणाला, न्हाई.

तेव्हापासून दर वर्षी सातव्या पायरीवर नुसता फेटा ठेवतात, आणि अमरेशला गाव 'पाना' म्हणतं. मर्दाच्या हातात तलवार शोभते, याच्या हातात पाना, असा त्यामागचा विनोद. सरपंच श्रीमंतराव हा विनोद सहा वर्षं करत होते आणि सहा वर्षं स्वतःच हसत होते.

देविका दर शनिवारी यायला लागली. बसम्मा तिला भाकरी वाढायची, आख्यान सांगायची नाही. मग देविका अमरेशच्या दुकानात बसायची. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, तेलाचा वास आणि तांब्याच्या तारेची वेटोळी. तो तार भरताना मनात वेढे मोजायचा. मधे बोललं की हिशेब चुकायचा, म्हणून ती मुद्दाम बोलायची.

"किती झाले?"

"तेहतीस."

"मला बत्तीसच वाटले."

"तुमी माझ्या हाताकडं बघून राहिल्या का तोंडाकडं?"

देविकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हाताकडं."

"मंग बत्तीस कसे झाले?" तो तार न सोडता म्हणाला. "एक वेढा कुठं गेला?"

तो रोज अनोळखी विहिरीत उतरायचा. उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून सोडायचा. विझला तर परत फिरायचा. "लोक म्हणतात, भेकड हाय," तो म्हणायचा. "कंदील इझला का मीबी इझतो, एवढंच मला ठावं हाय." हे वाक्य देविकानं वहीत टिपून घेतलं. वही प्रबंधाची होती. पान मात्र तिनं शेवटचं वापरलं.

येळवसेला बसम्मानं तिला शेतात जेवायला बोलावलं. कडब्याच्या कोपीपुढं मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गारढोण आंबील. अमरेशनं आंबील ओतली. तांब्या देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि दोघांनीही तांब्या सोडला नाही... थोडी आंबील सांडली. बसम्मा दुसरीकडं बघत म्हणाली, "धरणीमायला वाहिली असं समजा." आणि गालात हसली. सात वर्षांत पहिल्यांदा, असं अमरेशनं नंतर सांगितलं.

त्या दुपारी सरपंच शेतात आले. म्हणाले, उद्या नथ टाकायचा मान यंदा लातूरच्या संशोधक मॅडमचा.

देविकानं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण 'संशोधक' हा शब्द तिला सहा वर्षांत कुणी म्हटलेला नव्हता.

ते गेल्यावर अमरेश म्हणाला, "टाकायचीच असंल तर मावळतीकडं टाका. उगवतीकडं पाण्याखाली पंपाचा लोखंडी सांगाडा हाय. मीच बशिवलाय. जत्रेआधी काढा म्हणून पंचायतीला तीनदा सांगितलं. ठराव होऊन राहिलाय म्हणतात."

"मावळतीकडं," देविका म्हणाली.

"इसरू नका."

"मी तुमचं काही विसरते का?"

जाताना त्यानं तिच्या चपला उन्हातून उचलून सावलीत ठेवल्या. एवढंच. देविकाला रात्री झोप लागायला तेवढं पुरेसं होतं. न लागायलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारव माणसांनी काठोकाठ भरली होती. पाणी अर्धंच होतं. हलगी वाजत होती. देविकानं आईची जांभळी पैठणी नेसली होती. सरपंचांनी चार शब्द बोलायला माइक दिला, ती दहा मिनिटं बोलली, टाळ्या पडल्या. सातव्या पायरीवर लाल फेटा ठेवलेला. त्याच्या बाजूला, घरच्या मानाप्रमाणं, अमरेश उघड्या डोक्यानं उभा होता.

ओवी आली. *सिदू बोलेना कुणाशी.* देविकानं नथ हातात घेतली आणि मावळतीकडं तोंड केलं.

"मॅडम, मॅडम!" खालून फोटोवाला ओरडला. "तिकडं तोंडावर अंधार येऊन राहिलाय! इकडं फिरा, उगवतीकडं. उजेड इकडं हाय!"

ती फिरली.

सकाळचं कोवळं ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं. पन्नास मोबाईल वर झाले. एका हातात नथ, दुसऱ्या हातात माइक. त्या क्षणी ती काय विचार करत होती, हे पुढं कितीतरी महिने तिनं स्वतःला विचारलं. उत्तर नेहमी एकच यायचं — ती चांगली दिसत होती. तिनं हात मागं नेला, फोटोत यावा तसा, आणि नथ उगवतीला भिरकावली.

सहा गडी उगवतीकडं धावले.

"थांबा! तिकडं सांगाडा हाय!" अमरेश ओरडला. हलगीत त्याचा आवाज बुडाला. तो पायऱ्या उतरत धावत सुटला आणि धावता धावता त्यानं वर, तिच्याकडं पाहिलं.

माइक देविकाच्या हातात होता. चालू होता. 'थांबा' या शब्दाला एक सेकंद लागतो. पण त्याची नजर वर आली, आणि तो सेकंद तिनं दुसऱ्याच गोष्टीत घालवला. तिला वाटलं, हा माझ्यासाठी धावतोय.

अमरेशनं सगळ्यांच्या आधी उडी मारली.

पाणी मिटलं. सहा जण काठावर अडले. मग पाण्यावर एक हात आला, उंच, पंजा पसरून थांबा म्हणणारा. फक्त, त्याला बोटं पाच नव्हती. पाणी लाल होत होतं, आणि वरून लोक टाळ्या वाजवत होते, कारण तिथून रंग दिसत नव्हता.

नथ कुणालाच मिळाली नाही.

नांदेडच्या दवाखान्यात, तीस खाटांच्या वॉर्डात, तेराव्या खाटेवर अमरेश होता. उजव्या हाताची दोन बोटं सांगाड्याच्या पट्टीत राहिली होती. वर्तमानपत्रात फोटो आला: 'आख्यान जिवंत झाले'. देविकाचा चेहरा अगदी उजळ आला होता.

चौथ्या दिवशी ती आली. वाटेत तिनं वाक्यं तयार केली होती, आणि शिक्षिका असल्यानं ती स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत जातील अशी म्हटली.

"अमरेश, मी तुमच्याशी लग्न करायला तयार आहे."

चौदाव्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मोसंबी सोलून देणारी त्याची सून सोलायची थांबली. दारातल्या सिस्टरनं डोळ्याला रुमाल लावला.

अमरेशनं सगळ्यांकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"न्हाई," तो म्हणाला.

"का? तुम्ही माझ्यासाठी उडी —"

"तुमच्यासाठी न्हाई मारली." त्याचा आवाज बारीक होता, ऐकायला म्हातारा खाटेवरून वाकला. "आडवा हुबा राहिलो असतो तरी ते सहा थांबले असते. उडी कशाला पायजे होती? पर पायरीवर फेटा दिसला. सहा वर्साचं 'पाना पाना' आठवलं. वाटलं, बघा रे आता. म्हणून मारली. कंदील सोडायचा इसरलो, बघा."

देविकानं वॉर्डाकडं एक नजर टाकली.

"आन तुमीबी आता उडीच मारून राहिल्या, मॅडम. तीस खाटा बघून राहिल्यात म्हणून." त्यानं डोळे मिटले. "जावा. साडेचारला लातूरची गाडी हाय."

बाहेर व्हरांड्यात बसम्मा भिंतीला टेकून बसली होती. देविका तिच्याशेजारी खाली बसली, पैठणीत नाही, साध्या सुती ड्रेसात, आणि रडली नाही, कारण जाणारे येणारे बघत होते आणि बघणाऱ्यांसाठी रडणं हीही उडीच, हे आता तिला पुरतं कळलं होतं.

"माइक माझ्या हातात होता, आई," ती म्हणाली. "मी बोलले नाही."

मग जात्यावर बसल्यासारखी पुढं-मागं झुलत, ओठांतल्या ओठांत, बसम्मानं सात वर्षांनी आवाज लावला.

*सिदू माझा पोहणारा, कधी नव्हताच बाई*
*चार लोकांच्या देखत, म्हणता आलं ना 'न्हाई'*

"हे शेवटचं पान," बसम्मा म्हणाली. "पुरुषांनी फाडलं, बायकांनी पाठ केलं. सिदोजीच्या मायनं म्हटलेलं हाय हे, चंद्राऊला. पायरीवर येऊन." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्या रामलिंगलाबी ताप होता त्या दिशी. म्हणाला, आई, आज नको वाटून राहिलंय. मी म्हटलं, मान हाय आपला, जा. फेटा मीच बांधला गं."

देविकानं तिचा हात धरला. सहा वर्षं जे शोधत होती ते तिला मिळालं होतं. लिहून घ्यायला तिनं वही काढली नाही.

माघात लातूरला तिच्या घरी पाहुणे आले. तिचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक रेणुकादासराव, यांनी स्थळ आणलं होतं: मुलगा मिहिर, पुण्यात नोकरी, दोन्ही बाजूंची मिळून अकरा माणसं. पोहे झाले, पत्रिका जुळली, मिहिरची आई म्हणाली, "मग, देविका?" अकरा जोड्या डोळे वळले. खोलीत पंखा फिरत होता. बशीत एक शेंगदाणा उरला होता, तिनं त्याच्याकडं बघितलं.

"नाही," देविका म्हणाली.

एवढ्याशा शब्दाला इतकी ताकद लागते, हे तिला दहा गुणांच्या उत्तरात कधी लिहून देता आलं नव्हतं. वडील तीन आठवडे बोलले नाहीत. पुढं बोलले, ते फक्त पेपर कुठं आहे एवढंच.

चैत्रात, भर दुपारी, ती चांदबारवच्या फाट्यावर उतरली. निवाऱ्याला पत्रे अजून नव्हते. आता ऊन गळत होतं. वेशीवर आली, तर फलकावर रामलिंगच्या शेजारी दुसरा चौकोन रिकामा ठेवलेला. शाल-श्रीफळाचा सत्कार अमरेशनं नाकारला होता, आणि फोटो द्यायलाही तो न्हाई म्हणाला होता.

गाव झोपलं होतं. दुकानाचं दार उघडं. अमरेश खाली बसून एका मोटारीत तार भरायचा प्रयत्न करत होता. तार धरायला बोटं पुरत नव्हती. वेढा ताणला की निसटायचा. तो परत घ्यायचा. परत निसटायचा. हात पुसायला शेजारी लाल कापडाचे तुकडे पडले होते, काठाला झिरमिळ्या असलेले.

देविकानं ते ओळखले.

"आईनं कापला," तो मान वर न करता म्हणाला. "म्हणाली, तेल चांगलं टिपतंय."

ती उंबऱ्यात उभी राहिली. या खेपेला कुठलंही वाक्य तयार करून आणलेलं नव्हतं.

"एक विचारायचं होतं."

"थांबा." तो उठला, दारात आला, रस्त्याकडं दोन्ही बाजूंना नीट बघितलं. "कुणी बघून राहिलंय का?"

"एक शेळी आहे."

"तिची पाठ हाय इकडं." तो परत जाऊन बसला. "इचारा."

"माइकबद्दल तुम्ही मला काही बोलला नाहीत," ती म्हणाली. आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही गेला नसता. "मी तेव्हा 'थांबा' म्हणायला हवं होतं. माझी चूक भरून येणारी नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी आलेले नाही. मी आले, कारण... शनिवार आला की मला इथला तेलाचा वास आठवतो. मला तुम्ही हवे आहात. तुम्हाला मी हवी आहे का? नाही म्हणालात तर मी साडेतीनच्या बसनं जाईन. रागावणार नाही."

पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

"साडेतीनची बंद झाली," अमरेश अखेर म्हणाला. "आता सहाला हाय."

"मग?"

"मंग ही तार धरा. ढिली सोडू नका, बोट कापतंय."

ती समोर बसली. तिनं तार धरली. तो वेढा घ्यायचा, ती ताण द्यायची. पहिले दहा वाकडे गेले, सोडून परत भरले. त्याच्या हातावरची जखम अजून लालसर होती. ती दर वेढ्याला तिच्या बोटांपाशी यायची आणि जायची. तिनं या खेपेला मधे बोलायचा खोडसाळपणा केला नाही. ओठ हलवत, मनात, तीही मोजत होती. एकवीस. बावीस. कुठूनशी चिमणी आत आली, तारेच्या वेटोळ्यावर बसली, उडाली. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

"हाव," अमरेश म्हणाला.

देविका थबकली. आकडा चुकला असं वाटून तिनं वर पाहिलं. "चाळीस म्हणायचं होतं ना?"

"चाळीसबी झाले." तो हाताकडंच बघत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तुमी मघा इचारलं, त्याला 'न्हाई' नव्हं, 'हाव'."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बघणारं कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते येऊ दिलं. बोटांत तार होती. तिनं ती ढिली सोडली नाही.

"चला," तो म्हणाला. "एक्केचाळीस."